आधी झाडू, मग कीर्तन: शेतकरी घरात एक चांगली सवय टिकवायची कशी

सकाळी फोन हातात घेतला की उगवत्या सूर्याच्या फोटोवर छापलेले सात-आठ सुविचार येऊन पडलेले असतात. आपण हात जोडल्याचं चित्र पाठवतो, दोन ग्रुपवर पुढे ढकलतो आणि दिवस कालच्यासारखाच जातो. पाडव्याला केलेला संकल्प मृगाच्या पहिल्या पावसात वाहून जातो. सप्त्यातलं कीर्तन ऐकून सोडलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, काल्याच्या दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पुन्हा घोटून मिळतो.

इच्छाशक्ती कमी पडते, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. जो माणूस रात्री दोनला उठून विंचूकाट्याची पर्वा न करता मोटार सुरू करायला जातो, त्याची इच्छाशक्ती कमी आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? चुकतो तो क्रम. आपण आधी शब्द गोळा करतो आणि काम आपोआप होईल म्हणून वाट पाहत बसतो. गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. तोच क्रम इथे पायरीपायरीनं मांडला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका. विशेषतः पहिला आठवडा गाळू नका, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात.

## सुरू करण्याआधी: आठ दिवस नुसतं पाहा

या आठ दिवसांत काहीही बदलायचं नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठायचं मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. घरातली कोणती कामं काहीही झालं तरी होतातच, एवढंच पाहायचं. पाऊस असो, पाहुणे असोत, म्हशीची धार काढावीच लागते. नळ आला की पाणी भरावंच लागतं. डेअरीवर दूध पोचवावंच लागतं. सांजवात लागते. झोपण्याआधी ढोरांपुढे चारा पडतो. ही कामं कागदावर उतरवा. यांना आपण खुंट्या म्हणू, कारण नवी सवय पुढे यांच्यावरच टांगायची आहे.

घड्याळाची वेळ लिहू नका. पगारी नोकरीवाल्याला 'सकाळी साडेसहा' चालतं. आपल्याकडे शेतीपंपाच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रभर ओलित करून पहाटे घरी आलेल्या माणसानं साडेसहाला डोळे मिटून बसायचं ठरवलं, तर तो बसल्या जागी झोपणार, आणि झोपावंच त्यानं.

सामान फार लागत नाही. शाळेच्या पोराची अर्धी उरलेली वही, एक पेन्सिल, वीतभर सुतळी आणि मोठ्या चौकोनांचं भिंतीवरचं कॅलेंडर. फोनमधलं अ‍ॅप मुद्दाम नको. खूण करायला फोन उघडला की अर्धा तास व्हिडिओ पाहण्यात जातो, हे कोणाला सांगायला नको.

तपासा: यादीत निदान तीन खऱ्या खुंट्या आल्या का? 'रोज फिरायला जातो' ही खुंटी नाही, पाऊस आला की ते बुडतं. आठ दिवसांत एकदाही न चुकलेलं कामच धरा.

## पायरी १: एकच वचन निवडा आणि त्याला काम विचारा

आपल्याकडे वचनांचा दुष्काळ नाही. ग्रामगीतेचे ४१ अध्याय गावोगावच्या प्रार्थना मंदिरात ठेवलेले आहेत. गाडगेबाबांची दशसूत्री शाळेच्या नाहीतर एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसते. आजीच्या तोंडी म्हणी आहेतच. अडचण आहे ती निवडीची.

वचन समोर ठेवा आणि त्याला एकच प्रश्न विचारा: मग आज मी हातानं काय करू? उत्तर एका श्वासात सांगता आलं तर ते वचन कामाचं. 'तहानलेल्यांना पाणी' याचं उत्तर लगेच मिळतं: एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याकडेच्या झाडाखाली रांजण भरून ठेवायचा. 'दुःखी व निराशांना हिंमत' हेही त्याच दशसूत्रीतलं, पण त्याला थोडं फोडावं लागतं. आठवडी बाजारात भेटलेल्या एका माणसाला 'कसं चाललं बाप्पा?' विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, इतकं खाली आणलं की ते हाताशी येतं.

'सकारात्मक राहा', 'मन प्रसन्न ठेवा' असली वाक्यं या प्रश्नापुढे टिकत नाहीत. ती सोडून द्या.

या लेखभर मी एकच उदाहरण चालवतो. म्हण आहे 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. हातानं काय करायचं? आज घरातून किती पैसे गेले ते लिहायचं. बस. कर्ज कमी करायचं, बचत वाढवायची, हे काहीही अजून नाही.

सावध: वचन स्वतःसाठी निवडा. सुनेला, पोराला किंवा सालदाराला ऐकवायला निवडलेलं वचन पहिल्या आठवड्यातच भांडण लावतं.

## पायरी २: पेरणीच्या दिवशी जमेल एवढं लहान करा

सवयीचं माप उन्हाळ्यातल्या रिकाम्या दुपारी काढलं की ते मोठंच निघतं. रोज तासभर वाचन, रोज पानभर लेखन, रोज सूर्यनमस्कार. मग जून येतो. दिवस उजाडायच्या आत शेतात, अंधार पडल्यावर घरी, आणि मध्ये बियाण्याच्या थैल्यांची धावपळ. माप काढायचं ते या दिवसाचं. पेरणीच्या दिवशी, अंग मोडून आल्यावर, चुलीपुढे बसल्याबसल्या होईल का? होत असेल तरच ठेवा.

खर्चाच्या वहीचं माप म्हणजे एक ओळ. तारीख, चार आकडे, खाली बेरीज. अशी:

*मंगळवार. पेट्रोल १००, खर्रा ४०, पोरीची वही ३०, चहा २०. एकूण १९०.*

मोठा खर्च असेल तरी एकच ओळ. कृषी केंद्रातून खत उधारीवर आणलं तर रकमेपुढे 'उ' लिहा. हा 'उ' सुटतो म्हणून दिवाळीच्या सुमारास दुकानदाराची वही आणि आपली आठवण जुळत नाही.

वाचन करायचं असेल तर एक ओवी, अध्याय नाही. अंगण झाडायचं असेल तर आपल्या दारापासून नालीपर्यंत, गल्ली नाही. एखाद्या दिवशी जास्त झालं तर होऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी माप तेच जुनं. जास्त झालेल्या दिवसाचं माप कायम केलं की तिसऱ्या दिवशी टाळाटाळ सुरू होते.

## पायरी ३: सवय खुंटीला टांगा

आता एक वाक्य लिहायचं आहे. त्याचा साचा असा: '... झालं की मी ... करीन.'

'संध्याकाळी खर्च लिहीन' हे वाक्य चालत नाही. संध्याकाळ साडेचारला सुरू होते आणि झोपेपर्यंत चालते, त्यात वही कधी उघडायची? 'सांजवात लागली की मी वही उघडीन' हे चालतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ साली याच प्रकारच्या नेमक्या बेतावर लिहिलं: कधी, कुठे आणि कसं हे आधीच ठरलेलं असलं की माणूस ठरवलेलं काम पुष्कळ अधिक वेळा पार पाडतो. कारण साधं आहे. त्या क्षणी विचार करावा लागत नाही. थकलेल्या माणसाला विचार करायला लावलं की उत्तर 'उद्या पाहू' हेच येतं.

खुंटी निवडताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. जागा तीच हवी: धार गोठ्यात काढता आणि वही घरात असेल तर जमणार नाही. हात मोकळे हवेत. आणि त्या कामानंतर लगेच दुसरं काम खेचत नसावं. डेअरीवर दूध घालायची घाई असताना धारेनंतर ओवी वाचायचं ठरवू नका. दूध घालून परत आल्यावर, किटली पालथी घातली की वाचा.

घरातल्या बाईसाठी इथे थांबून वेगळं लिहावं लागतं. तिचा दिवस सडासारवणापासून सुरू होतो, मग स्वयंपाक, मग निंदण किंवा वेचा, परत येऊन पुन्हा चूल. दिवसभर कामंच कामं असल्यानं तिच्याकडे खुंट्या भरपूर, पण मोकळा हात एकही नाही. तिला 'स्वतःसाठी पहाटे अर्धा तास लवकर उठ' असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. तो अर्धा तास तिच्या झोपेतून जातो. माझं म्हणणं असं की आधी तिचं एक काम घरातल्या दुसऱ्या कोणी उचलावं, रात्रीची भांडी म्हणा किंवा पाणी भरणं, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत तिनं आपली सवय बसवावी. घरात हे बोलणं झालं नसेल तर ही पायरी पुरी झाली असं धरू नका.

तपासा: लिहिलेलं वाक्य घरातल्या पोराला वाचून दाखवा. 'म्हणजे नेमकं कधी?' असं त्यानं विचारलं तर वाक्य पुन्हा लिहा.

## पायरी ४: सामान जिथलं तिथे लावा

वही कपाटात ठेवली की ती तिथेच राहते. सांजवातीनंतर लिहायची असेल तर देवघराजवळच्या खिळ्याला वही अडकवा. पेन्सिलीच्या वरच्या टोकाला चाकूनं खाच पाडा, तिच्यात सुतळी बांधा आणि दुसरं टोक वहीच्या दोऱ्यात ओवा. एवढं बारकाईनं सांगतो, कारण 'पेन्सिल सापडली नाही' हे सवय मोडण्याचं सगळ्यांत सामान्य कारण आहे. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर मोकळी पेन्सिल संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

खराटा दारामागे नको, दारासमोर टेकवून ठेवा. ओवीचं पुस्तक चहाच्या कपबशांजवळ. फोनला उलटा नियम लावा: चार्जिंग उशाशी नको, छपरीत लावा.

## पायरी ५: आधी काम, मग वचन

ही पायरी सगळ्यांत सोपी दिसते आणि हीच उलटी केली जाते. लोक आधी वचन वाचतात, त्यानं बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं हेच काम झाल्यासारखं वाटतं. प्रेरणेचा व्हिडिओ पाहून झोपी गेलेला माणूस समाधानी असतो, ते यामुळेच.

म्हणून सांजवात लागली की पहिल्यांदा वही. ओळ लिहा, बेरीज करा. मग पानाच्या वर लिहिलेली म्हण एकदा वाचा. आज १९० गेले आणि त्यातले ६० खर्रा-चहाचे, हे डोळ्यांसमोर असताना 'अंथरूण पाहून' वाचलं तर ती म्हण काहीतरी सांगते. ओळ न लिहिता वाचली तर ती फक्त ओळखीची म्हण राहते.

मूड नसला तरी काम करा. वचन त्या दिवशी नाही वाचलं तरी चालेल. उलटं कधीच नको.

आणखी एक: पहिले काही आठवडे कोणाला सांगू नका. पारावर 'आता मी रोज खर्च लिहितो' असं जाहीर केलं की चार जण 'वा' म्हणतात, दोघे 'किती दिवस?' विचारतात, आणि दोन्हीनं काम बिघडतं.

## पायरी ६: खूण करा, चुकला दिवस सोडून द्या

काम झालं की कॅलेंडरच्या चौकोनात एक तिरपी रेघ. फुली, शेरे, गुण काही नको.

२१ दिवसांत सवय लागते असं भाषणांतून सांगतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. एखादं काम आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून 'आपल्याच्यानं होत नाही' ठरवणारे लोक मुळात चुकीच्या आकड्याला धरून बसलेले असतात. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही.

चुकलेल्या दिवसाचं भरून काढू नका. काल राहिलं म्हणून आज दोन दिवसांचा खर्च आठवून लिहायला बसलात तर काम दुप्पट होतं, आणि तिसऱ्या दिवशी वही नकोशी वाटते. चौकोन रिकामा ठेवा, आजची ओळ लिहा.

चुकणारे दिवस आधीच ठाऊक असतात. पोळा, महालक्ष्म्या, घरातलं लग्न, गावातली मयत. या दिवसांपुरतं माप आणखी लहान करा: नुसती तारीख लिहा. घरात सुतक असेल आणि वही देवघराजवळ असेल तर ती तेवढे दिवस दुसऱ्या खिळ्याला अडकवा. या असल्या बारीक कारणांनी सवयी तुटतात आणि मग त्या परत जोडायचं राहून जातं.

सावध: लागोपाठ तीन चौकोन रिकामे दिसले तर स्वतःला बोल लावू नका, पायरी २ आणि ३ पुन्हा पाहा. माप मोठं झालेलं असेल किंवा खुंटी हललेली असेल.

## पायरी ७: हंगाम फिरला की खुंटी फिरवा

शेतकऱ्याचा दिनक्रम वर्षभर एक नसतो, त्यामुळे एकाच खुंटीवर बारा महिने सवय टिकणं कठीण. वऱ्हाडाकडे सोयाबीनची सोंगणी संपते न संपते तोच कापसाचा वेचा सुरू होतो आणि घरची सगळी माणसं पऱ्हाटीत असतात. वेच्याच्या दिवसांत सांजवातीच्या वेळी कापूस मोजणं आणि मजुरांची मजुरी देणं चालू असतं. तेव्हा खुंटी बदला: मजुरी दिली की वही. हिशोब तसाही हातात असतो.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाची रोवणी जुलैत माणसाला चिखलातून वर येऊ देत नाही. तिथे रात्रीच्या जेवणानंतरची खुंटी टिकते, सकाळची टिकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटेच निघणाऱ्या घरांचीही सकाळ गेलेलीच असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की शेतातली कामं सकाळी दहाच्या आत आटोपतात आणि दुपार मोकळी सापडते. वाचनाची सवय लावायला हा महिना चांगला, पण ती जूनमध्ये कुठे हलवायची ते आत्ताच लिहून ठेवा.

## पायरी ८: बाजाराच्या दिवशी दहा मिनिटं

महिन्याअखेरीस आढावा घ्यायचं ठरवलं की तो होत नाही. आठवडी बाजार मात्र ठरल्या दिवशी भरतोच. बाजाराला निघण्याआधी वहीतल्या मागच्या सात ओळी वाचा आणि दोनच गोष्टी पाहा: किती रेघा झाल्या, आणि कोणता आकडा पुन्हा पुन्हा येतो. त्या एका आकड्याबद्दल या आठवड्यात काय करायचं तेवढं ठरवा.

सोबत हवीच असेल तर एक माणूस पुरे. वीस जणांचा ग्रुप नको, तिथे पुन्हा सुविचारच येतात. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिथून परतताना त्या एकाला 'आज लिहिलं का?' विचारा.

## खर्रा सोडायचा असेल तर

सोडायची सवय लावायच्या सवयीपेक्षा वेगळी वागवावी लागते. खर्रा 'कमी करीन' म्हणून सुटत नाही. आधी आठवडाभर तो नेमका कधी लागतो ते लिहा. बहुतेकांच्या बाबतीत ठरावीक ठिकाणं निघतात: डवरणीच्या मधली सुटी, जेवणानंतर, पानठेल्यावरची बैठक. प्रत्येक ठिकाणी तोंडात दुसरं काय जाणार ते आधी ठरवा आणि खिशात ठेवा, बडीशेप किंवा भाजलेला ओवा. रिकामा खिसा पानठेल्याकडेच जातो. बैठक मोडायची गरज नाही, पण पहिले पंधरा दिवस जागा बदला.

'तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' ही पळवाट धरू नका, नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरते. सुरुवातीचे दिवस चिडचिड आणि डोकेदुखीचे जातात, घरच्यांना तसं सांगून ठेवा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. आणि सुटेपर्यंत निदान एवढं पाळा: फवारणीच्या दिवशी हात साबणानं धुऊन कपडे बदलल्याशिवाय तोंडात काहीही टाकू नका.

## ही पद्धत कुठे लावू नये

झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कर्जाच्या विचारानं जगणं नकोसं वाटतं, अशी अवस्था असेल तर वही, ओवी, खुंटी काही कामाचं नाही. घरातल्या एखाद्याचं असं चाललं असेल तर त्याला सुविचार पाठवू नका. जवळ जाऊन बसा, एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

## दुसरी सवय कधी घ्यायची

पहिलीबद्दल विचार करावा लागेनासा झाला की. ओळखायची खूण अशी: एखाद्या रात्री अंथरुणावर पडल्यावर 'आज वही राहिली' असं आपसूक आठवतं आणि उठून लिहावंसं वाटतं. असं लागोपाठ तीन बाजारांच्या मधल्या काळात घडलं तर दुसरं वचन निवडा. त्यालाही पायरी १ पासूनच न्या, आणि खुंटी वेगळी द्या. एकाच खुंटीवर दोन सवयी टांगल्या तर घाईच्या दिवशी दोन्ही गळतात.

भरलेली वही रद्दीत घालू नका. पुढच्या हंगामात कृषी केंद्रात उधारीचा हिशोब करायला जाल तेव्हा ती सोबत न्या आणि 'उ' लिहिलेल्या ओळी दुकानदाराच्या वहीशी एकेक करून ताडून पाहा.